गोळीनंतर बाबांचं अंग का हलतं?

प्रश्न : माझे वडील 67 वर्षांचे. पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या शेतीत, ते पाणी सोडणारे पाटकरी होते. बरीच वर्षं पार्किन्सन आहे. लेवोडोपाची गोळी घेतली की तासाभरात मान, खांदे, हात आपोआप वळवळतात. शेजारच्या बाया म्हणतात, ‘बाबाना आंगमा येस.’ लाजेनं त्यांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं. चिंतेवरची बुस्पिरोन गोळी यावर चालते, असं पुतण्यानं वाचलं. मेडिकलवरून आणून देऊ का? की लेवोडोपाच बंद करू?
– एक लेक, ता. साक्री

उत्तर : ताई, लेवोडोपा मनानं अजिबात बंद करू नका. ती एकदम थांबली तर अंग ताठरतं, ताप चढतो, जिवावरही बेततं. आणि बाबांच्या अंगात कुणी आलेलं नाही, हे त्या बायांना स्पष्ट सांगा. आजार जुना झाला की या गोळीचा असा परिणाम दिसतो, त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. बाबांनाही हे समजू द्या. त्यांची लाज मला आजाराइतकीच खुपते.

पुतण्यानं वाचलं ते खोटं नाही. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामीन हे हालचाल सांभाळणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, तसं लेवोडोपापासून डोपामीन करायचं काम सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या पेशी उचलतात. पण किती सोडायचं आणि उरलेलं परत कसं ओढायचं, याची सोय त्यांच्यात नाही. पाटाला दारच नसेल तर फडाचं काय होतं, हे पाटकऱ्याला वेगळं सांगायला नको. बुस्पिरोन याच पेशींवरच्या एका ग्राहीला, म्हणजे रसायन चिकटायच्या जागेला, चिकटून डोपामीन सोडणं आवरते.

ही गोळी चिंतेसाठी अमेरिकेत 1986 पासून आहे. डिस्कायनेशियावर तिचा छोटा अभ्यास 1994 मध्ये छापून आला. 2014 मध्ये मेंदूच्या पेट स्कॅनच्या अभ्यासात ज्यांचं हलणं सौम्य होतं त्यांना फायदा दिसला, तीव्र असलेल्यांना नाही. याच ग्राहीवर चालणारं सॅरिझोटान हे दुसरं औषध तर मोठ्या चाचण्यांत टिकलं नाही. म्हणून मी आशा ठेवतो, पण स्वतःहून गोळी सुरू करा असं म्हणणार नाही. बाबांना रासाजिलीन किंवा सेलेजिलीन ही पार्किन्सनचीच औषधं चालू असतील तर बुस्पिरोन धोक्याची ठरते. मेडिकलवाल्याला ते कसं कळणार?

न्यूरोलॉजिस्टना आधी लेवोडोपाचा डोस लहान करून जास्त वेळा देता येईल का, आणि अमँटाडीन चालेल का, ते विचारा. हलण्यावर आज जास्त भरवशाचं औषध तेच. मात्र वयस्कर माणसाला त्यानं भास होऊ शकतात, पाय सुजू शकतात, तेवढं लक्ष ठेवा. लेवोडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, त्यातली प्रथिनं लेवोडोपाची वाट अडवतात. ती भाकरी गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा, बंद नको. गावात कुणी कुहिलीच्या बियांची पूड सुचवेल. तिच्यात लेवोडोपाच असतो, म्हणजे नकळत डोस वाढेल.

धुळ्याला जाल तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गोळी कधी घेतली, हलणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, हे आठवडाभर वहीत लिहा आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करा. तपासणीच्या वेळी बाबा नेमके शांत बसलेले असतील, तर डॉक्टरांना तेच उपयोगी पडेल.