दुबईची भेट आणि ड्रॉवरमधली नळी

प्रश्न: दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. मी दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढतो, ती सोडायची आहे. दुबईतला मेव्हणा गणपतीला येतोय. त्याने ई-सिगारेटचे दोन फोटो पाठवून ‘कुठली आणू?’ विचारलंय. एक पेनासारखी, बॅटरी आतच बसवलेली. दुसरी डबीसारखी, तिच्यात १८६५० आकाराच्या दोन सुट्या बॅटऱ्या घालायच्या. इथे बंदी आहे हे ऐकून आहे. त्याने बॅटरीशिवाय नुसती डबी आणली आणि बॅटऱ्या मी इथे घेतल्या, तर चालेल का? शिवाय मे महिन्यात पुण्याच्या एका पाहुण्याची तसलीच ई-सिगारेटची नळी खोलीत राहिली, ती माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. ‘कुरिअर करा’ म्हणून त्यांचे फोन येतात. काय करू?

उत्तर: आधी मेव्हण्याचं बघू, कारण त्याचं विमान ठरलेलं आहे. दोन्हींपैकी एकही आणायची नाही, हे त्याला आजच कळवा.

ई-सिगारेटवरची बंदी १८ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. आधी अध्यादेश निघाला, मग डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात, सगळं त्यात आलं. व्याख्या इतकी ऐसपैस आहे की पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं कुठलंही विद्युत उपकरण तिच्यात बसतं, मग निकोटिन असो वा नसो, नाव नि आकार काहीही असो. तुमची युक्ती मात्र कलम ४ मध्ये अडते. आयात आणि वाहतुकीची बंदी ‘पूर्ण वस्तू असो वा तिचा कुठलाही भाग’ या शब्दांत आहे. बॅटरी काढलेली डबी म्हणजे भागच. असली शक्कल कोणीतरी लढवणार, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या आधीच ध्यानात आलं असावं.

आता बॅटरीचं. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीची, ६५ मिलिमीटर लांबीची गोल लिथियम बॅटरी. पहिल्या पावसात रात्री कुर्ल्या (खेकडे) पकडायला जाताना तुम्ही जी बॅटरी नेता (आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात, त्यामुळे वाक्य जरा विनोदी होतं), चार्जिंगची असेल तर तिच्या पोटातही बहुधा हीच निघेल. टॉर्चसाठी ती विकत घेतली म्हणून कोणी तुमच्या दारात येणार नाही. पण बॅटरी निर्दोष आहे म्हणून डबी निर्दोष ठरत नाही.

तुम्ही विचारलंच आहे म्हणून सांगतो, सुट्या बॅटरीचा प्रकार जास्त धोक्याचा. ती खिशात किल्ल्या नि नाण्यांबरोबर पडली, किंवा तिच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलं, तर दोन टोकं जोडली जाऊन ती क्षणात तापते आणि पेटू शकते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या बॅटऱ्या तसल्या डबीत घालणारे महाभाग असतात. डबी ओढते तेवढा प्रवाह देण्यासाठी त्या बनवलेल्याच नसतात. आत बसवलेली बॅटरी निदान खिशातल्या किल्लीपासून वाचते, एवढाच फरक. कायद्यापुढे दोघी सख्ख्या बहिणी.

मुंबई विमानतळावर काय होईल? परदेशी व्यापार महासंचालनालयाने सप्टेंबर २०१९ मध्येच आयात बंद केली. प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंतचं सामान करमुक्त आणता येतं, पण ती सवलत बंदी असलेल्या वस्तूला नाही. ‘जाहीर करण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या हिरव्या वाटेने निघाला आणि सापडला तर वस्तू जप्त होईल, सीमाशुल्क कायद्याखाली दंड होऊ शकेल, आणि ई-सिगारेट कायद्याच्या कलम ४ च्या भंगाला पहिल्या खेपेस एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. दुसऱ्या खेपेस तीन वर्षांपर्यंत कैद नि पाच लाखांपर्यंत दंड. तुम्हीही सुटे राहणार नाही. ‘ही नको, ती आण’ असा तुमचा संदेश त्याच्या फोनमध्ये असेल, तर गुन्ह्याला अपप्रेरणा दिल्याचा तो आयता पुरावा. अजून उत्तर पाठवलं नसेल तर ‘आणू नकोस’ एवढंच पाठवा.

समजा तुमचा निरोप पोचण्याआधीच तो निघाला, किंवा स्वतःची वापरातली वस्तू त्याच्या बॅगेत राहिली. तर त्याने सामान जाहीर करायच्या लाल वाटेने जाऊन खरं सांगावं. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ८० मध्ये एक सोय आहे: बंदी असलेली वस्तू प्रवाशाने खरी जाहीर केली, तर त्याच्या विनंतीवरून अधिकारी ती तिथेच ठेवून घेऊन परत जाताना देऊ शकतात. देतीलच असं नाही, ते त्यांच्या मर्जीवर. पण आधी लपवून मग विनंती केली, तर ती मर्जीही उरत नाही.

‘ओढणाऱ्याला कुठे शिक्षा आहे?’ असं गावात कोणीतरी तुम्हाला सांगेलच. नुसत्या ओढण्याला ई-सिगारेट कायद्यात शिक्षा लिहिलेली नाही, हे खरं. पण ती हातात यायला कोणीतरी आणावी, विकावी किंवा पाठवावी लागते, आणि तिथे तुमचं नाव जोडलं जातं. पानटपरीवर सिगारेट मिळते आणि हिला बंदी, हे मलाही उफराटं वाटतं. माझ्या वाटण्याने तुमचा जामीन होणार नाही.

सिगारेट सोडण्यासाठी औषध कायद्याखाली परवाना असलेली उत्पादनं या बंदीतून वगळली आहेत. निकोटिनचं च्युइंगगम त्यातलंच. डॉक्टरांना विचारून घ्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनीही आहे, १८००-११-२३५६.

आता ड्रॉवर. मला खरी काळजी याची आहे, कारण मेव्हणा अजून यायचाय आणि नळी आलेली आहे. पाहुण्याला ती कुरिअर करू नका. त्याची वस्तू त्याला परत देताय, हा तुमचा सरळपणा झाला. पण पाठवणं म्हणजे वाहतूक, आणि पार्सलवर पाठवणारा म्हणून नाव तुमचं. कामावरच्या पोराला देऊनही टाकू नका, ते वाटप. आणि ठेवूनही घेऊ नका. ई-सिगारेट कायद्याच्या कलम ५ प्रमाणे जागेच्या मालकाने जाणूनबुजून तिथे ई-सिगारेटचा साठा होऊ देणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एका नळीला ‘साठा’ म्हणायचं का, यावर मी कोर्टात तासभर बोलू शकेन, पण त्या तासाची फी तुम्ही का भरावी? पुढच्या मोसमात आणखी दोन पाहुणे विसरले की तो युक्तिवादही पातळ होतो.

मागच्या अंगणात झावळ्यांच्या ढिगात टाकून काडी लावायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. आत लिथियम बॅटरी आहे, फुटते. खाऱ्या हवेत चार महिने पडलेली, कदाचित फुगलीही असेल. चार्जिंगला लावून बघू नका. उघडी टोकं दिसत असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावा आणि काचेच्या कोरड्या बरणीत ठेवून पोलीस ठाण्यात न्या. या कायद्याखाली उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो, म्हणून हवालदाराच्या टेबलावर ठेवून येऊ नका. सोबत साधा अर्ज, दोन प्रतींत: ‘अमुक तारखेला खोली साफ करताना सोबतची वस्तू सापडली. ती पाहुण्याची असून आमची नाही. कायद्याने बंदी असल्याने आपल्याकडे जमा करत आहे.’ दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या.

पाहुण्याला एकच ओळ कळवा: वस्तू पोलिसांकडे जमा केली आहे. ते चिडतील, होमस्टेला एखादा तारा कमी देतील. शिक्क्याची प्रत पाहुण्यांच्या नोंदवहीत त्यांच्याच पानाला टाचून ठेवा.