अमेरिकेत मुलाकडे कायमची राहायला गेलेल्या कोरियन आजीचं आयुष्य कसं असतं?

बहुतेक जणी मुलांच्या मागून गेल्या. 1965 च्या स्थलांतर कायद्यानुसार अमेरिकन नागरिक झालेल्या मुलांना आईवडिलांना व्हिसाच्या ठरलेल्या कोट्याबाहेर बोलावता येतं. मुलगा-सून दिवसभर दुकानात किंवा लाँड्रीत, त्यामुळे नातवंडं आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली. या कष्टांची दखल फारशी कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मिठात मुरवलेल्या कोबीच्या पानापानात लाल मिरचीचं वाटण भरत ती किमची घालते. रविवारी चर्च, मग तिथेच सगळ्यांचं जेवण.

लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्ये इंग्रजीवाचून तिचं अडत नाही. बँक, डॉक्टर, बाजार, सगळं कोरियनमध्ये. हाल उपनगरात. गाडी चालवता येत नाही, बोलायला कुणी नाही. म्हणूनच कित्येक आज्या मुलाचं मोठं घर सोडून कोरियाटाउनमधल्या ज्येष्ठांच्या छोट्या फ्लॅटसाठी नाव नोंदवतात.