‘उशीर’ हा शब्द सात वेळा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांत ‘उशीर’ हा शब्द सात वेळा आलाय. सत्ताविसावं सरत आलं, बीडहून पुण्याला येऊन पाच वर्षं झाली, अकाउंट्सची नोकरी आहे, दर महिन्याला घरी पैसे पाठवावे लागतात, आणि नाटकाचं वेड काही जात नाही. त्यात ती निवड चाचणी. ‘पाणी’ म्हणायचं होतं, तोंडातून ‘पानी’ निघालं, समोर बसलेल्या तिघांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढचं वाक्यच तुला आठवेना. एवढं वाचलं आणि पत्र खाली ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. चाळीस वर्षं या क्षेत्रात काढली, तरी त्या एका नजरेची चीड माझ्या मनातून गेलेली नाही.

‘ताई, हे सगळं आता सोडून देऊ का?’ असं तू विचारलंस. नको सोडूस. पण नुसतं नको म्हणून तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून एका बाईबद्दल जरा सविस्तर लिहिते. मोना हॅमंड तिचं नाव. जमैकाची नटी.

१९९५ साली मी लंडनला मावसबहिणीकडे सहा आठवडे राहिले होते. तिच्याकडे संध्याकाळी ‘ईस्टएंडर्स’ लागायची. इंग्लंडात १९८५ पासून चालू असलेली, घरोघरी पाहिली जाणारी मालिका. त्यात ब्लॉसम नावाची एक जमैकन आजी होती. तिच्या वाट्याला वाक्यं थोडीच यायची, पण समोरचा बोलत असताना ती असं काही ऐकायची की माझी नजर तिच्यावरून हलायची नाही. मी बहिणीला म्हटलं, ही बाई नाटकातली आहे बघ. मालिकेत असं मनापासून ऐकणारं माणूस दिसलं की मला लगेच रंगमंचाचा वास येतो. मग परत आल्यावर तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

जन्म १ जानेवारी १९३१, जमैकातल्या ट्वीडसाइड गावचा. जन्मनाव मेव्हिस चिन. चिनी-जमैकन घरातली ही मुलगी १९५९ साली लंडनला आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, म्हणजे तुझ्याहून एक वर्षानं मोठीच. तिथे वास्तुविशारदांच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि संध्याकाळी सिटी लिटमध्ये नाटकाच्या वर्गाला बसायची. सिटी लिट ही १९१९ पासूनची संस्था. दिवसभर राबणारी माणसं संध्याकाळी तिथे भाषा, संगीत, नाटक असं काहीबाही शिकायला येतात. दोन वर्षं तिनं हे केलं. आदल्याच वर्षी, १९५८ च्या उन्हाळ्यात, नॉटिंग हिलमध्ये वेस्ट इंडियन वस्तीवर गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी हल्ले केले होते. काळ्या माणसाला खोली भाड्यानं मिळायची मारामार होती. त्या शहरात ही बाई ऑफिस सुटल्यावर शेक्सपिअर म्हणायला जात होती.

त्या दोन वर्षांनी तिला राडाची शिष्यवृत्ती मिळवून दिली. राडा म्हणजे लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्ट, १९०४ साली स्थापन झालेली. १९६४ मध्ये ती तिथून बाहेर पडली. तुझं काम हिशोबाचं आहे, तर हा हिशोब तूच कर: शिक्षण पुरं झालं तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती.

म्हणून सांगते, राजीनामा देऊ नकोस. नोकरी म्हणजे नाटकातला अडथळा, असं तू लिहिलंयस, ते मला पटत नाही. घरचे पैसे थांबले की तू भीतीपोटी मिळेल ते काम घेशील, आणि भीतीपोटी घेतलेलं काम अंगात मुरतं. संध्याकाळचा वर्ग धर. दमून येशील, ठाऊक आहे. माझ्याकडे कामावरून थेट येणाऱ्यांना मी पहिली पंधरा मिनिटं काहीच करायला देत नाही. जमिनीवर पाठ टेकायची, एक हात पोटावर, एक बरगडीवर. दिवसभर स्क्रीनसमोर बसून श्वास वर गळ्याशी येऊन अडकलेला असतो. तो हळूहळू खाली उतरतो, बरगड्या बाजूंना उघडायला लागतात, मग ‘अ’चा एक लांब स्वर सोडायचा. महिनाभरानं तोच स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, आणि त्यासाठी ओरडावं लागत नाही. शास्त्रशुद्ध शिक्षण म्हणतात त्यातला निम्मा भाग हाच आहे. उरलेला निम्मा म्हणजे मोठ्या, अवघड संहिता तोंडात घोळवणं, वाक्याच्या शेवटी आवाज पडू न देणं.

आता ‘पानी’कडे येते, कारण खरी जखम तिथे आहे.

मोनाच्या आधी जमैकाहून आणखी एक मुलगी राडात गेली होती. लुईज बेनेट. १९४५ साली, ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर. जाण्याआधीच ती जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, आपल्या कवितांमुळे ओळखली जात होती, आणि त्या कविता होत्या पॅट्वामध्ये, म्हणजे बाजारात, अंगणात, बसमध्ये बोलल्या जाणाऱ्या जमैकन बोलीत. तिथल्या शिकल्या-सवरलेल्या लोकांना ती बोली म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी वाटायची. तुझ्या बोलीला लोक ‘अशुद्ध’ म्हणतात ना, अगदी तसंच. ती राडात शिकली, इंग्लंडात नाटकमंडळ्यांतून कामं केली, बीबीसीवर बोलली, आणि १९५५ साली जमैकात परत आली. आल्यावर तिनं राडाचा उच्चार मिरवला नाही. किंग्स्टनच्या वॉर्ड थिएटरमधल्या पँटोमाइममध्ये, म्हणजे गाणी-विनोदांच्या नाटकांत, रेडिओवर आणि १९७० पासून बारा वर्षं टीव्हीवर मुलांसमोर ती पॅट्वातच बोलत, गात राहिली. अख्खा देश तिला ‘मिस लू’ म्हणायला लागला. २००६ साली ती गेली तेव्हा किंग्स्टनच्या नॅशनल हीरोज पार्कमध्ये तिला जागा दिली गेली. जी बोली घरात बोलल्याबद्दल मुलांना दटावलं जायचं, तिची ही कवयित्री.

यातून मी तुला काय सांगतेय, ते नीट समजून घे. ‘ण’ शिकू नकोस, असं मी अजिबात म्हणत नाही. ‘ण’ शीक. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडताना पुढे झटकायचं. ‘ट’ म्हणताना जीभ जिथे लागते तिथेच. बाण, पाणी, आणि, कोणी, राणी. रोज दहा मिनिटं, आरशासमोर. दोन महिन्यांत येईल, कारण ही जिभेची सवय आहे, तुझ्या घराण्याचा दोष नाही. पण हे शिकताना ‘पानी’ पुसून टाकू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्यानं ते केलं. तीन वर्षांत इतका गुळगुळीत झाला की पुढे एका नाटकात शेतकऱ्याची भूमिका मिळाली, तर आपल्याच वडिलांसारखं बोलता येईना. सुट्टीत गावी जाऊन, ओट्यावर बसून तो ते पुन्हा शिकला. तालमीच्या हॉलमध्ये त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय.

मोनानं दोन्ही जपलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या राउंडहाउसमध्ये, जी इमारत मुळात रेल्वेची इंजिनं ठेवायला बांधलेली होती, तिथे आफ्रिकेत घडणारा ‘मॅकबेथ’ झाला आणि ती लेडी मॅकबेथ झाली. १९७३ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरच्या माळ्यावरच्या छोट्या रंगमंचावर, गयानाहून आलेल्या मायकेल अ‍ॅबेन्सेट्सच्या ‘स्वीट टॉक’मध्ये ती लंडनच्या एका खोलीत संसार रेटणारी कॅरिबियन बायको झाली. एकीकडे राणी, दुसरीकडे भाड्याच्या खोलीतली बाई, आणि दोन्हींना पुरणारा श्वास एकच.

पण हेही लपवून ठेवत नाही की अशी कामं थोडी होती. त्या काळात लंडनमध्ये काळ्या नटीसाठी मालिकांत आणि सिनेमांत बहुधा नर्स, झाडूवाली, कुणाची तरी आई एवढंच लिहिलेलं असायचं. ‘ईस्टएंडर्स’मध्येसुद्धा ती पहिल्यांदा दिसली ती १९८६ साली, सुईणीच्या छोट्याशा भूमिकेत. राडाचं शिक्षण आणि मॅकबेथची राणी गाठीशी असताना. तुझ्याही वाट्याला असली कामं येतील. कर. पण त्यांच्यावर विसंबून राहू नकोस.

तिनं काय केलं तेच बघ. त्याच सुमारास यव्होन ब्रूस्टर, कारमेन मन्रो, इनिगो एस्पेजेल यांच्यासोबत मिळून तिनं ‘तलावा’ ही नाटकसंस्था उभी केली. यव्होन जमैकाची, कारमेन गयानाची, दोघीही नाटकात मुरलेल्या. तलावा हा शब्द जमैकन बोलीतलाच. दिसायला लहान, पण कणखर, कुणाला न जुमानणाऱ्या बाईसाठी तो वापरतात. आपल्याकडे मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतो, त्याच्या जवळपास जाणारा, फक्त थोडा अधिक ठसकेबाज. पहिलं नाटक १९८६ साली, सी. एल. आर. जेम्स यांचं ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’, हैतीतल्या गुलामांच्या उठावावरचं. सुरुवातीचा पैसा ग्रेटर लंडन कौन्सिलकडून, म्हणजे लंडन शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडून आला होता आणि ती कौन्सिलच त्या वर्षीच्या ३१ मार्चला बरखास्त झाली. तरी संस्था टिकली, आजही आहे. मोना तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयाच्या नटीला सासूच्या भूमिकेशिवाय कुणी विचारत नाही.

मग तलावानं तिला काय काय करू दिलं! १९८९ मध्ये ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मधली लेडी ब्रॅकनेल, इंग्लिश उमरावशाहीचा सगळा तोरा जिच्या हनुवटीत असतो ती बाई. सगळे नट काळे. आणि १९९४ मध्ये ‘किंग लिअर’. लिअर करायचा होता नॉर्मन बीटन, पण आजारपणामुळे त्याला सोडावं लागलं आणि बेन थॉमस लिअर झाला. मोना झाली विदूषक. त्रेसष्टाव्या वर्षी. लिअरचा विदूषक बहुधा पुरुष करतात. राजाला तोंडावर खरं सुनावण्याची मुभा असलेला तो एकटाच. त्याच वर्षी तिच्याकडे ब्लॉसम आजीही आली. म्हणजे मावसबहिणीच्या दिवाणखान्यात मी जे ऐकणं पाहत होते, ते नुकतंच लिअरच्या पायाशी बसून, त्याचं वेडं बोलणं रोज रात्री ऐकून आलेलं होतं. हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

तू मालिकांना ‘टाइमपास’ म्हणालीस, ते मला आवडलं नाही. ब्लॉसमच्या वाट्याला त्या मालिकेत फेलिक्स नावाच्या वृद्ध ज्यू न्हाव्याशी उतारवयातलं प्रेम आलं, आणि १९९७ मध्ये दोघं मिळून इस्रायलला निघून गेली. एका जमैकन आजीला असं प्रेम करताना लाखो घरांनी पाहिलं. याला मी कमी लेखणार नाही. त्याआधी ‘डेसमंड्स’ या विनोदी मालिकेत ती सुसू मावशी होती, आणि तिथेही नॉर्मन बीटन आणि कारमेन मन्रो, नाटकातली तीच माणसं. सोबतचे लोक असे जप.

‘लायन किंग’मधली सिंबाची आई आठवते का? मूळ इंग्रजीत तो आवाज मॅज सिंक्लेअरचा. तीही जमैकाची, किंग्स्टनची. तिकडे शाळामास्तरीण होती; १९६८ साली, तिशीत, न्यूयॉर्कला गेली आणि तिथे नाटकापासून सुरुवात केली. १९९१ ला टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळवला. तुझ्यासारख्या मुलींचा विषय निघाला की मला मोना आणि मॅज या दोघी बरोबरच आठवतात.

मोनाला २००५ साली ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. पण त्याहून जास्त मला हे भावतं की चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती लार्स फॉन ट्रिअरच्या ‘मँडरले’ या सिनेमात म्हातारी विल्मा करत होती, आणि पुढच्याच वर्षी ‘डॉक्टर हू’ या मालिकेत नातवाला चेहऱ्यावरून हात फिरवून ओळखणारी अंध आजी. ४ जुलै २०२२ रोजी ती गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन.

आता कामाचं. येत्या रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे ये, ऑफिसची रजा नको काढायला. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ मिळव, ‘मॅकबेथ’वरून त्यांनी १९५४ साली केलेलं. राणीचा एक उतारा निवडून पाठ कर. एकदा छापलाय तसा म्हणायचा, सगळे ‘ण’ जागच्या जागी. मग तोच उतारा तुझ्या आजीच्या बोलीत, ती चुलीपुढे बसून कुणाला तरी दम देतेय असा. शब्द बदलावे लागले तर बदल, वहीत लिहून आण. जमिनीवर पडायचंय, तेव्हा सुती सलवार घालून ये. आणि आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलेलं असेल तर तेही आण, मला ऐकायचंय.

तुझी,
ताई