ब्रिटनमध्ये स्ट्रीट पास्टर्सबरोबर, म्हणजे रात्री रस्त्यांवर फिरून लोकांना मदत करणाऱ्या चर्चच्या स्वयंसेवकांबरोबर, गस्तीला जाणं कसं असतं? लोकांना धर्म सांगावा लागतो का?

नाही, सांगावा लागत नाही. उलट रस्त्यावर प्रवचन करायचं नाही, हे प्रशिक्षणातच बजावून सांगतात. कोणी आपणहून विचारलं, ‘तुम्ही हे का करता?’ तर खरं ते सांगायचं. कोणी म्हणालं, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा,’ तर तिथेच उभ्या उभ्या चार शब्दांची करायची. तेवढंच.

तुम्ही लिहिलंय की चर्चमध्ये या कामासाठी तुमचं नाव सुचवलंय, पण बोलायला जमत नाही आणि रात्रीची भीतीही वाटते. मी इंग्लंडमधल्या एका शहरात बरीच वर्षं हे काम करतेय. माझं मत विचाराल तर इथे बोलक्या माणसापेक्षा थांबणारा माणूस जास्त उपयोगी पडतो.

हे काम २००३ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात रेव्हरंड लेस आयझॅक यांच्या पुढाकाराने सुरू झालं. तेव्हा चिंता होती ती बंदुका आणि टोळ्यांची. आता बहुतेक गावांत शुक्रवार-शनिवारची रात्र म्हणजे पब आणि नाइटक्लबमधून बाहेर पडणारी गर्दी. साधारण दहाला निघायचं आणि पहाटे तीन-चारपर्यंत फिरायचं, महिन्यातून निदान एक रात्र. चर्च, पोलीस आणि नगरपालिका यांच्या सहकार्यानं सगळं चालतं.

खांद्यावरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या, रबरी स्लिपर, चंदेरी फॉइलची ब्लँकेटं आणि लॉलीपॉप असतात. स्लिपरचं नवख्यांना हसू येतं. पण मध्यरात्रीनंतर उंच टाचांचे बूट हातात घेऊन मुली अनवाणी चालतात आणि फुटपाथवर फुटक्या काचा असतात. रस्त्यात पडलेल्या बाटल्या आम्ही उचलून कचऱ्यात टाकतो, कारण मारामारी झाली तर हाताशी येते ती बाटलीच. लॉलीपॉपचं म्हणाल तर तोंडात गोड असलं की माणसाला ओरडता येत नाही!

एकदा एक मुलगी बसस्टॉपपाशी फुटपाथच्या कडेला बसली होती. ओकून झालेलं, मैत्रिणी पुढे निघून गेलेल्या, फोन बंद. टॅक्सीवाले एक नजर टाकून पुढे जात होते (त्यांचंही बरोबर आहे, सीट त्यांनाच धुवावी लागते). आम्ही तिच्या अंगावर फॉइल गुंडाळलं, घोट घोट पाणी दिलं, फोन चार्जरला लावला. तो सुरू झाल्यावर बहिणीचा नंबर सापडला. बहीण येईपर्यंत आमच्यातली एक तिच्या शेजारी खाली बसून होती. बोलणं जवळपास काहीच झालं नाही. मुलगी मध्येच रडायची, मध्येच ‘सॉरी’ म्हणायची. बऱ्याचशा रात्री अशाच जातात.

भीतीबद्दल. एकट्यानं कधीच जायचं नसतं, टीम नेहमी एकत्र असते. पुष्कळ ठिकाणी रेडिओवर सीसीटीव्ही कक्ष आणि क्लबच्या दारावरचे बाउन्सर जोडलेले असतात. भांडणात मध्ये पडणं आपलं काम नव्हे, अंतर ठेवून पोलिसांना कळवायचं. शिव्या क्वचित ऐकू येतात. त्यापेक्षा दारू प्यायलेल्या तरुणांच्या मिठ्याच जास्त मिळतात, आणि त्या टाळायला जरा कसब लागतं.

‘दारुड्यांचे कसले लाड!’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही. मला खरी चीड येते ती आपल्याच मंडळीतल्या ‘मग किती जण ख्रिस्ती विश्वासात आले?’ या प्रश्नाची. असा हिशेब मनात ठेवून जाणार असाल, तर कृपा करून जाऊ नका. समोरच्याला ते लगेच कळतं.

अटी फार नाहीत. वय अठराच्या पुढे (वरची मर्यादा नाही, आमच्याकडे निवृत्त मंडळीच जास्त), चर्चचे सभासद असायला हवं आणि पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) शिफारस हवी. गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. प्रशिक्षणात ऐकून कसं घ्यायचं, दारू आणि ड्रग्जचे परिणाम, स्वतःची सुरक्षा असे विषय असतात. चालणं झेपत नसेल तर प्रेअर पास्टर व्हा. ते आत बसून टीमसाठी प्रार्थना करतात आणि आम्ही रेडिओवरून किंवा फोनवरून कळवलं की त्या त्या प्रसंगासाठीही.

नाव देण्याआधी स्थानिक समन्वयकांना विचारून एक रात्र नुसतं निरीक्षक म्हणून जाऊन या. बऱ्याच टीम तशी परवानगी देतात. जाताना नवे बूट घालू नका आणि जॅकेटच्या आत एक थर जास्तच घाला, कारण चालण्यापेक्षा उभं राहण्यातच जास्त वेळ जातो.