घरच्या पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांची माहिती लिहून ठेवावी का? काय लिहावं?

तुम्ही विचारलंय की सांगलीत घरच्या घरी पार्लर सुरू केलंय, थ्रेडिंग-क्लीनअपवर जम बसलाय, आता हेअर कलर आणि नवरीची कामं येऊ लागली आहेत. तर प्रत्येकीची माहिती लिहून ठेवायची का, आणि ठेवायची तर काय.

ठेवाच, ताई. मीही सांगलीतच घरातून हे काम करते, आणि माझ्या मते केसांच्या रंगाचा पहिला डबा फोडायच्या आधी ही वही सुरू झालेली असली पाहिजे. फक्त नेटवरचे दोन-दोन पानी फॉर्म झेरॉक्स करून आणू नका. त्यात लग्नाच्या वाढदिवसापासून सगळं असतं, आणि बाई कंटाळून प्रत्येक ओळीपुढे ‘नाही’ लिहून मोकळी होते. ज्या उत्तरामुळे तुमच्या हातातलं काम बदलेल, तेवढंच विचारा.

चेहऱ्याला सध्या काय लावता? पिंपल्सच्या, शुगरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? मेंदी, डाय, ब्लीच यातलं काही कधी अंगावर उठलं होतं का? दिवस गेलेत का? दमा आहे का? माझं पान एवढ्यावर संपतं.

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि त्यालाच सगळ्यात कमी खरी उत्तरं मिळतात. वांगासाठी किंवा गोरं दिसायला म्हणून मेडिकलमधून आणलेल्या कित्येक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड आणि ट्रेटिनॉइन असतं. महिनोन्‌महिने लावून चेहऱ्याची कातडी पातळ झालेली असते. तिथे वॅक्स ओढलं की वरची सालच निघून येते. पण बाई म्हणते, साधी क्रीम लावते, कारण तिला ते औषध वाटतच नसतं. म्हणून मी ट्यूबचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागते आणि त्यावरची नावं वाचून वहीत उतरवते. पिंपल्ससाठी डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात, त्या चालू असताना आणि बंद झाल्यावरही 6 महिने वॅक्सिंग करायचं नाही. शुगर असेल तर पेडिक्युअरमध्ये नखाचे कोपरे खोल कापायचे नाहीत, जखम लवकर भरत नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. कसं विचारता, यावर वही खरी की खोटी हे ठरतं. आपल्याकडे घरचं पार्लर म्हणजे हॉलमध्ये पडदा लावलेला, पडद्यापलीकडे सोफ्यावर सासूबाई, नणंद किंवा शेजारच्या काकू बसलेल्या. तिथे तुम्ही मोठ्याने ‘दिवस गेलेत का?’ विचारलंत तर उत्तर ‘नाही’च येणार, मग खरं काहीही असो. हनुवटीवरचे केस, पीसीओडीच्या गोळ्या, टाळूवर पडलेला चट्टा या गोष्टी बायका आईलासुद्धा सांगत नाहीत. म्हणून प्रश्नांचा कागद पॅडला लावून पेनासकट तिच्याच हातात द्या. जिला वाचायला जमत नाही तिला आतल्या खोलीत नेऊन हळू आवाजात विचारा. नवरीला तिच्यासोबत आलेल्यांसमोर कधीच विचारू नका. तिला एकटीला फोन करा. तासगाव, पलूस, विट्याकडून मुली येतात, त्यांच्या सासरचे कुणी ना कुणी सांगलीत असतातच. तुमच्या पार्लरमधली गोष्ट एकदा जरी बाहेर गेली तरी पुढे कुणी खरं लिहिणार नाही.

दुसरं म्हणजे, हा कागद एकदा भरून फाईलला लावला की काम झालं असं समजू नका. सहा महिन्यांपूर्वी गोळ्या नसलेली बाई आज गोळ्या घेत असते. दर वेळी खुर्चीत बसल्यावर एकच प्रश्न: मागच्या वेळेपासून नवीन काही सुरू झालंय का? आणि तिच्या पानावर तारखेसह एक ओळ. माझ्या वहीतली ओळ साधारण अशी असते: ‘14 जून. अप्परलिप थ्रेडिंगच, वॅक्स नाही. नवीन: वांगाची ट्यूब. थोडं लाल झालं, बर्फ लावला.’ ती बाई उठायच्या आत ही ओळ लिहून व्हायला हवी. रात्री आठवून लिहिलेल्या ओळीत दोन बायकांची सरमिसळ होते.

हेअर कलरसाठी मात्र एका ओळीवर भागत नाही. बहुतेक डायमध्ये, आणि काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पावडरींमध्ये, पीपीडी नावाचं रसायन असतं. काही जणींना ते आधी वर्षानुवर्षं चालतं आणि मग एक दिवस डोळे सुजेपर्यंत उठतं. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा डाय लावून 48 तास थांबायचं, हीच पॅच टेस्ट. वहीत हवं: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कंपनीचा, कोणत्या शेडचा, खोक्यावरचा बॅच नंबर आणि 48 तासांनी काय दिसलं. काळ्या मेंदीने कधी हात उठला असेल तर टेस्टसुद्धा करू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. डायने भुवया रंगवून मागणाऱ्याही येतात. पीपीडी असलेल्या डायच्या खोक्यावर तो भुवया-पापण्यांना लावू नये, आंधळेपण येऊ शकतं, अशी सूचना कायद्यानेच छापलेली असते. ती दाखवा आणि ‘नकार दिला’ असं लिहून ठेवा.

नवरीच्या पानावर हळदीची तारीख सगळ्यात वर लिहा आणि तिथून मागे मोजा. ताज्या वॅक्सवर, ब्लीचवर हळद चढली की चरचरते आणि पिवळेपणा बसतो, म्हणून हे सगळं दोन-तीन दिवस आधी उरकायचं. पॅच टेस्ट त्याच्याही आधी. तुळशीचं लग्न झालं की तारखांची गर्दी होते, तेव्हा हे डोक्यात राहत नाही.

सही घ्या, 18 वर्षांखालच्या मुलीसोबत आईची घ्या. पण सही घेतली म्हणून आपल्या हलगर्जीपणातून सुटका होते असं समजू नका, तसं होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार 2 वर्षांत करता येते, त्यामुळे शेवटच्या भेटीनंतर निदान तेवढा काळ तरी पान जपा, आणि नंतर फाडून टाका. भेळेच्या पुड्यात जाईल अशा रद्दीत घालू नका. मोबाइलमध्ये ठेवत असाल तर डिजिटल वैयक्तिक डेटाचा 2023 चा कायदाही हेच सांगतो: विचारून घ्या, ज्यासाठी घेतलं त्यालाच वापरा, काम संपलं की पुसा. फोटो काढायची परवानगी वेगळी आणि तो स्टेटसला टाकायची वेगळी; कागदावर दोन्हींच्या दोन वेगळ्या ओळी ठेवा.

वही कुलपात, आणि नदीकाठच्या भागात राहत असाल तर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर. ऑगस्ट 2019 ला आणि जुलै 2021 ला कृष्णेचं पाणी मारुती चौकात आलं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्याआधी पानांचे फोटो काढून लॉक असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा.

कुणी काहीच सांगायला तयार नसेल तर वाद घालू नका. तिचं थ्रेडिंग करा, ब्लीच, वॅक्स आणि कलर नको म्हणा.