टोकियोत पहिलं घर भाड्याने घेताय?

सहा जोची (जो म्हणजे एका जपानी चटईएवढी जागा) खोली म्हणजे जेमतेम १० चौरस मीटर. घाबरू नका, आमचा संसार तेवढ्यातच सुरू झाला.

मिक्सर मात्र आणू नका. इथे वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता कण्हतो, दाण्याचं कूटही धड होत नाही. मी आणला होता, तो तसाच पडून राहिला. छोटा खलबत्ता आणा.

भाड्याच्या घरात बहुधा छताचे दिवे, पडदे, शेगडी नसते. किल्ली घेण्याआधीच विचारा, नाहीतर पहिली रात्र अंधारात जाईल. शेगडी घेताना गॅस पाइपचा की सिलिंडरचा, हे नक्की बघा; दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या.

- कचरा टाकायचे वार पाठ करा.
- जमिनीवरची गादी रोज सकाळी उचला, खाली बुरशी धरते.

बाकीचं राहायला लागलात की सांगेन.