चादरीची घडी

ताई,
आमच्या शाळेची पालक समिती बेघर मुलांविषयी जनजागृती करते आहे. येत्या शनिवारी मुलं आणि पालक एक रात्र मैदानात उघड्यावर झोपणार आहेत. दोन महिने मी धावपळ करतेय. ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात, यायला कुणी तयार नाही. सगळ्यात लागलं ते माझ्या मुलाचं वागणं. "आई, मला त्यात ओढू नकोस," म्हणाला. त्याचा मित्र बघा, घरच्या कुरबुरींमुळे एकोणीस दिवस आमच्याकडेच आहे, दोन महिन्यांनी अठराचा होईल. पोस्टरची सगळी अक्षरं त्यानंच काढली. शिस्त तर अशी, की आम्ही उठायच्या आत चादरीची घडी घालून, बॅग भरून दाराशी ठेवलेली असते. आणि आमचे चिरंजीव! एवढा निर्विकार कसा हो हा?
– व्यथित आई

व्यथित आई,

चार पानी पत्रातून वर छापला तो सारांश. त्या चार पानांत मित्राच्या वाट्याला आल्या जेमतेम चार ओळी, आणि त्याही तुमच्या मुलाला टोमणा मारायला. मी मात्र तिथेच अडकले. एक म्हण तुमच्या ओठांवर आलीच असेल, मी लिहीत नाही.

अहो, ती शिस्त नव्हे. सतरा वर्षांचं पोर सुट्टीच्या दिवशी दहा वाजेपर्यंत लोळतं, चादर पायाशी चुरगळून टाकतं आणि आईची बोलणी खातं. जो उजाडायच्या आत उठून स्वतःच्या झोपेची खूण पुसतो, त्याला भीती असते की आपण दिसलो तर 'कधी जाणार' हा प्रश्न येईल. बॅग दाराशी का, तर तो प्रश्न आलाच तर आवरायला वेळ लागू नये म्हणून. आणि तुम्ही दिवस मोजताय. एकोणीस! त्याला ते कळत नसेल असं वाटतं तुम्हाला?

तुमच्या पोस्टरवर फुटपाथवर झोपलेलं मूल असणार, बहुतेक पोस्टरवर तेच असतं. युरोपात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा 'फेआन्ट्सा' नावाचा महासंघ आहे. त्यानं २००५ साली बेघरपणाची वर्गवारी केली. तिच्यात उघड्यावर झोपणारे आहेतच, पण स्वतःचा ठावठिकाणा नाही म्हणून नातलगाकडे किंवा मित्राकडे तात्पुरतं टेकलेलं माणूसही आहे. तरुण मुलं बेघर होतात ती पुष्कळदा अशीच, या सोफ्यावरून त्या सोफ्यावर. कारणं वेगवेगळी: घरात मारहाण, आईवडिलांचं फाटणं, सावत्र नात्यातला जाच, भाडं थकणं. रात्री रस्त्यावर फिरून बेघरांची मोजणी करणाऱ्यांना ती सापडत नाहीत. तुमच्या हॉलमध्ये कोण मोजायला येणार?

त्या मुलानं तुमच्यासाठी बसून 'बेघर' ही अक्षरं रंगवली. मला ते वाचून पत्र बाजूला ठेवावं लागलं.

तुमचा मुलगा निर्विकार नाही. तुमच्या घरात एकोणीस दिवस जनजागृती तोच करतोय, फक्त बॅनर लावलेला नाही. मित्राला घरी ठेवून त्याच मित्राच्या दुःखाची सहल काढायला त्यानं नकार दिला. मला तुमचा मुलगा फार आवडला.

आता ऐका. शनिवारी मैदानात जाऊ नका. शनिवारची सुद्धा वाट बघू नका, आज रात्रीच त्या मुलाशी बोला. सगळ्यांसमोर नको, दोघं मिळून काही आवरत असताना. आधी प्रश्न विचारू नका, आधी शब्द द्या: "परीक्षा होईपर्यंत तू इथेच आहेस." तारीख सांगा. 'हवं तितके दिवस राहा' हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्यावर कुणाला झोप लागत नाही. मग एकदाच विचारा, घरी काय झालं. आणि गप्प बसा.

'कुरबुरी' हा शब्द त्याचा आहे की तुमचा, ते तेव्हा कळेल. तोवर त्याच्या घरी परस्पर फोन लावू नका. तो मारापासून पळालेला असला, तर तुमच्या त्या भल्या फोनचा हिशोब तोच चुकवेल. रस्त्याशी नातं जडलेल्या मुलांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०१७ साली सविस्तर टिप्पणी काढली, तिचाही आग्रह हाच, की मुलाला सोडवून आणायची वस्तू समजू नका, त्याचं म्हणणं विचारात घ्या.

पण गुपितही ठेवू नका. १९८९ च्या बालहक्क करारात अठराच्या आतला तो बालक, आणि घर सुटलेल्या बालकाला विशेष संरक्षणाचा हक्क कलम २० देतं. अठरा पूर्ण झाले की मुलांसाठीची बरीच दारं लागतात. तुमच्या हातात दोनच महिने आहेत. शाळेच्या समुपदेशकाकडे, बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्यांकडे त्याच्याबरोबर जा. चिठ्ठी देऊन पाठवू नका, स्वतः शेजारी बसा.

आणि कपाटातला एक कप्पा रिकामा करा. बॅग कदाचित आठवडाभर तशीच दाराशी राहील, तुम्ही हात लावू नका. एखाद्या सकाळी चादर सोफ्यावर चुरगळलेली पडली असेल. त्या दिवशी त्यालाही ओरडा, मुलाला ओरडता तसंच.